आता बाई दार उघडतीय

वडवणीत मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या काकांना टीव्ही गप्प बसून बघता येत नसे. आपण सगळेच टीव्हीपुढे अधूनमधून काहीतरी पुटपुटतो, तसलं ते नव्हतं. काकांना पडद्यावर जे जे दिसे ते ते, दिसेल त्या क्रमाने, खणखणीत आवाजात ते सांगत. "आता बाई दार उघडतीय. निळी साडी हाय. हातात तांब्या हाय. मागून सासू आली. सासूनं बघितलं. बाईनं तांब्या खाली ठेवला." त्यातली गंमत अशी की सासूसुना बोलायला लागल्या की काका तोंड मिटत, आणि त्या गप्प झाल्या की पुन्हा सुरू होत. दोन्ही पक्षांनी पाळी वाटून घेतल्यासारखं ते चाले.

मी तिथल्या एका लॅबमध्ये कामाला होते. दिवसभर लोकांची रक्तं काढायची आणि संध्याकाळी सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असा माझा बेत होता. बेत चांगला होता. पण माझी खोली आणि काकांची बैठक यांच्यामध्ये एक दार होतं, आणि ते पावसाळ्यात जे फुगलं ते उन्हाळ्यातही पुरतं मिटलं नाही. मी फटीत कापूस घालून हिमोग्लोबिनचा धडा उघडून बसावं, तरी फटीतून यायचं, "डॉक्टर आला. चष्मेवाला हाय. पेशंटचा हात धरला. मान हलवली. गेला वाटतं पेशंट." परीक्षेत मी दोनदा नापास झाले, पण सात वाजताची ती मालिका एकदाही न बघता मला तोंडपाठ झाली. तिच्यातल्या धाकट्या सुनेला साड्या किती आणि कोणत्या रंगाच्या, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

काका एसटीत कंडक्टर होते. उभी हयात बीड, नेकनूर, तलवाडा असे थांबे ओरडण्यात गेली, तेव्हा ती कंडक्टरकी अंगात भिनली आहे, असं गल्लीचं निदान होतं. मलाही ते पटलं होतं, कारण जाहिराती लागल्या की काका जाहीर करत, "थांबा आला. पाच मिन्टं. चहापानी करून घ्या, गाडी कुनासाठी थांबनार न्हाई." काकू स्वयंपाकघरातून म्हणत, की आम्हालाही देवानं डोळे दिलेत, आम्हाला दिसतंय. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "मला बोलल्याबिगर दिसत न्हाई." आणि ते पुढचा थांबा ओरडत.

टीव्ही पुण्याच्या मुलाने पाठवलेला, भिंतभर मोठा, नव्या तऱ्हेचा होता. तो घरात आला त्या दिवशी काकांनी आधी त्याची पुस्तिका वाचून काढली. मराठी नव्हती म्हणून हिंदी वाचली. मग ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली. टीव्हीच्या चौकटीवरचं पातळ प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नाही. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात टीव्हीचे गुण सांगणारी एक चिकटपट्टी होती, तीही काढली नाही, कारण ती काढली की वॉरंटी जाते असं त्यांचं मत होतं. क्रिकेटच्या मॅचमध्ये धावा नेमक्या त्याच कोपऱ्यात दाखवत. त्यामुळे कुणी किती केल्या हे आमच्या घरात दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर कळे. रिमोटला पॉलिथिनची पिशवी आणि वर रबर होतं. दर रविवारी त्याचे सेल काढून ते गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवत, म्हणजे त्यांच्यात पुन्हा जीव येतो म्हणे. काकू म्हणायच्या, एखाद्या दिवशी चुकून तळून वाढीन.

तासभर टीव्ही चालला की दहा मिनिटं बंद. "इंजिन तापतं. माणसाला दम लागतो, तिला लागत न्हाई व्हय?" टीव्ही त्यांच्या लेखी गाडी होती आणि गाडी बाई होती. रिमोटमध्ये बोलून हुकूम सोडायची सोय होती. मुलाने फोनवरून ती समजावून सांगितली, तेव्हा काकांनी रिमोट तोंडापाशी धरला आणि अदबीने म्हणाले, "रामराम बाई. कोन्या गावच्या तुमी?" पडद्यावर गावांच्या व्हिडिओंची लांबलचक यादी आली. काका खूश झाले. बाईला एवढी गावं माहीत म्हणजे हीसुद्धा एसटीतलीच असणार, असं म्हणून त्यांनी पुन्हा तिला कधी तसदी दिली नाही.

एकच गोष्ट मला कळत नसे. टीव्ही ठेवलेला होता पूर्वेच्या भिंतीला. विजेचा पॉइंट पश्चिमेच्या भिंतीला. त्यामुळे बैठकीतून आडवी एक लांबलचक वायर गेलेली होती, तिला पाय अडकून मी दोनदा पडले, काकू किती वेळा पडल्या देव जाणे. वर समोरच्या खिडकीतलं मावळतीचं ऊन थेट पडद्यावर पडे आणि संध्याकाळी अर्धा पडदा पांढराफटक दिसे. मी एकदा म्हटलं, की काका, टीव्ही पलीकडे घेतला तर वायरही वाचेल आणि चित्रही दिसेल. ते म्हणाले, "गाडी लागली तिथं लागली." आणि विषय बंद केला.

पूर्वेच्या त्या भिंतीपलीकडे काकांचे थोरले भाऊ राहत. घर मूळचं एक, वाटणीत मधोमध विटांची भिंत घातलेली. वाटणीत शेत वाटलं गेलं, बैल वाटले गेले, हंडे-कळशा वाटल्या गेल्या आणि कुणी ब्र काढला नाही. मग उरला वडिलांचा रेडिओ. तो एकच होता आणि त्याचे दोन करता येत नव्हते. थोरले म्हणाले, मी मोठा, माझा. धाकटे म्हणाले, त्याला सेल मी घालत आलो, माझा. त्यावरून जे तोंड बंद झालं, त्याला मी राहायला गेले तेव्हा अकरा वर्षं झाली होती. रेडिओ थोरल्यांकडे गेला आणि वर्षभरात बंद पडला. अबोला मात्र ठणठणीत चालू राहिला.

बायकांचं तसं नव्हतं. काकू आणि त्यांच्या मोठ्या जाऊबाई रोज गच्चीवर भेटत, वाट्या इकडून तिकडे जात, दुखणीखुपणी एकमेकींना माहीत असत. एकदा सेलांशेजारी बसून लसूण सोलताना काकू मला म्हणाल्या, "दोघं बी साठी ओलांडून गेले. उद्या एकाचं काय झालं, तर दुसरा तोंडाला उपरनं लावून येनार आन् लोकात रडनार. त्याच्या आधी बोलले पायजेत, पोरी. मला दुसरं काय नको." मी भावकीतली भांडणं माझ्याही माहेरी बघितली होती, तेव्हा मी नुसती मान हलवली.

आणि भावकी म्हटलं की मग तो आवाजही समजल्यासारखा वाटे. गल्लीत सगळे सांगत, की कंडक्टर थोरल्याला जाळायला म्हणून टीव्ही मोठ्याने लावतो. माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही. थोरल्यांची नजर साखरेच्या आजाराने गेलेली, त्यांच्या घरी टीव्ही घेऊन करायचं काय? अशा माणसाच्या भिंतीला लावून भला मोठा टीव्ही ठेवायचा आणि वर स्वतः ओरडायचं! मला काकांचा रागच यायचा. भावकीत माणूस कोणत्या थराला जाईल सांगता येत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणे आणि हिमोग्लोबिनचं पान उलटे.

शेवटी तिसऱ्या परीक्षेच्या तोंडावर मी बीडहून बिनवायरचे हेडफोन आणले आणि काकांना भेट दिले. म्हटलं, आवाज थेट कानात येतो, सगळं स्पष्ट ऐकू येतं. काकांनी पुस्तिका वाचली, पिशवीत घातली, देव्हाऱ्याखाली ठेवली आणि सात वाजता हेडफोन चढवून बसले. टीव्ही मुका झाला. मी देवाचे आभार मानून पुस्तक उघडलं. आणि मग काका सुरू झाले. कान बंद असल्याने त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता, तेव्हा तो दुप्पट चढला होता. घरात नीरव शांतता आणि मध्येच डरकाळी, "आता ती रडतीय!" मग पुन्हा शांतता. "ताट भिरकावलं!" रस्त्याने जाणारा एक भाजीवाला गाडा थांबवून आत डोकावून गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी हेडफोन पुसून, खोक्यात घालून परत आणून दिले. "बाई, चीज लई चांगली हाय. पर ह्यात आवाज माझ्याच कानात ऱ्हातो. घराला काय मिळत न्हाई." घराला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. मी रागात होते.

त्याच आठवड्यात थोरल्यांची उपाशीपोटी साखर तपासायची होती. जाऊबाईंनी लॅबला निरोप दिला आणि सकाळी सात वाजता मी सुई-बाटल्या घेऊन भिंतीपलीकडे गेले. इतके महिने शेजारी राहून त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. खिडकीपाशी छान वारा येत होता, पण थोरल्यांची खाट तिथे नव्हती. ती आतल्या बाजूला, भिंतीला घासून लावलेली होती. थोरले भिंतीला पाठ टेकून, मान किंचित तिरपी करून बसले होते. मी दंडाला पट्टी बांधायला गेले तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं. "जरा सबर धरा, मॅडम. बाजारभाव व्हऊ द्या."

पलीकडून काकांचा आवाज येत होता, पाण्यासारखा स्वच्छ. पडद्यावरच्या पट्टीत कापूस कितीला, तूर कितीला, आणि बातम्या देणाऱ्या बाईने आज अंबाड्यात गजरा घातला आहे.

भाव संपले, तेव्हा थोरल्यांनी हात पुढे केला. मी सुई लावली. ते म्हणाले, "परवा सांजच्याला टीव्ही कुठं गेलता? नुसतं ते येडं एकटंच वरडत व्हतं. ताट कुनी भिरकावलं ते काय समजलं न्हाई." मग लगेच सावरून ते पुढे म्हणाले, की आम्ही काही मुद्दाम ऐकत नाही, कानावर पडतं तर काय करणार. जाऊबाई त्यांच्या मागे उभ्या राहून मला हाताने 'गप्प' अशी खूण करत होत्या. निघताना थोरल्यांनी आणखी एक तक्रार केली. "रंग खोटे सांगतं ते. परवाची साडी निळी न्हाई, जांभळी असनार. लहानपनापासून त्याला निळं-जांभळं कळत न्हाई."

मी परत आले ती त्या आडव्या वायरीकडे बघतच आले. मग टीव्हीकडे, मग भिंतीकडे. काका सांगत ते सगळं आठवलं आणि माझ्या लक्षात आलं, की पात्रं बोलतात ते भिंतीतून ऐकू येतं. बोलत नाहीत तेवढंच सांगावं लागतं. आणि मी वर्षभर ह्या माणसाला दुष्ट समजत होते! मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी काकांच्या नजरेला नजर दिली नाही.

काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. त्यांना सगळं माहीत होतं. थोरल्यांची नजर गेली त्याच महिन्यात टीव्ही पूर्वेच्या भिंतीला गेला आणि त्याच महिन्यात काकांना बोलल्याशिवाय दिसेनासं झालं. मी म्हटलं, मग सरळ बोलत का नाहीत? काकू म्हणाल्या, "बोलतेत की रोज. दोन-दोन घंटे. हे बोलतेत, ते ऐकतेत. फकस्त कबूल करायचं न्हाई."

त्यानंतर मी फटीत कापूस घालणं सोडून दिलं. सात वाजता पुस्तक मिटून बैठकीत जाऊन बसायला लागले. एकदोनदा काका रंगाला अडखळले तेव्हा मीच हळूच 'जांभळी' म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "जांभळी हाय."

इतकं ओरडून गळा किती टिकणार! आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला. काकूंनी बळेच बीडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. काका नियमाचे पक्के. डॉक्टरांचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पुस्तिकेशेजारी ठेवला. शाळेच्या मुलांची असते तशी एक दगडी पाटी आणि पेन्सिल बाजारातून आणली आणि तिच्यावर कारभार सुरू केला. पाणी हवं असेल तर 'पाणी'. पहिल्या संध्याकाळी मालिका लागली तेव्हा सवयीने पाटीवर 'लाल साडी' असं लिहून त्यांनी ती माझ्यापुढे धरली, मग खाली ठेवली आणि हातावर हात ठेवून बसून राहिले. एवढं केविलवाणं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मी काकूंना म्हटलं, गच्चीवरून जाऊबाईंना कळवा, म्हणजे त्या थोरल्यांना सांगतील. काकूंनी साफ नकार दिला. जाऊबाईंना त्यांनी कधीच सांगितलं होतं आणि वर शपथ घातली होती, की थोरल्यांच्या कानावर हे जाता कामा नये. "बारा वर्सांत एवढा चान्स आला न्हाई, पोरी," त्या मला म्हणाल्या. "राहू दे भिंत गप. बघू कोन पयलं येतं." मला ते क्रूर वाटलं. पण दोन्ही बायकांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्यापुढे माझं काय चालणार?

तीन संध्याकाळी टीव्ही एकटाच बोलला. चौथ्या संध्याकाळी मालिकेत माळ्यावर एक जुनी लोखंडी पेटी सापडली. सगळं कुटुंब तिच्याभोवती गोळा झालं. कुलूप फोडलं, झाकण करकरलं, आणि मग कुणी काही बोलेचना. नुसतं ढँग ढँग संगीत आणि एकेकाचे वासलेले डोळे. दोन-तीन मिनिटं हेच. काका जागच्या जागी चुळबुळत होते, पाटीवर बोटं आपटत होते. तेवढ्यात भाग संपला आणि जाहिराती लागल्या.

पायरीवर काठीचा आवाज झाला. मग दाराच्या चौकटीवर एक हात चाचपडत आला. थोरले दारात उभे होते. मागे, अंधुक उजेडात, पदर तोंडाला लावून जाऊबाई. काकूंनी कधी नव्हे तो रिमोट हातात घेतला आणि पॉलिथिनवरूनच बटण दाबून टीव्ही बंद केला.

"चार दिस झाले," थोरले म्हणाले. "हायस का न्हाई बे?"

काका ताडकन उठले. पाटी उचलली, पेन्सिल शोधली, मोठ्या अक्षरात 'हाय' असं लिहिलं आणि चार दिवसांच्या सवयीने ती पाटी भावाच्या तोंडासमोर धरली.

थोरले तसेच उभे. पाटीतून आरपार बघत. थोडा वेळ वाट बघून त्यांनी विचारलं, "कुनी बोलंना कावून?" आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. काठी उंबऱ्यावर उगीच टकटक करायला लागली. मी सांगायला तोंड उघडलं तर काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

काकांनी पाटीकडे बघितलं. भावाच्या डोळ्यांकडे बघितलं. मग पाटी खुर्चीवर ठेवली, वायर ओलांडली, थोरल्यांच्या अगदी जवळ गेले आणि पंधरा दिवसांची आज्ञा चौथ्या दिवशी मोडून त्यांच्या कानात म्हणाले,

"हाय, दादा."

तो आवाज कसला, नुसता भुसा होता. थोरल्यांचा चेहरा एकदम बदलला. "आवाजाला काय झालं?"

"वरडून बसला."

"कुनी सांगितलं व्हतं वरडायला?"

काका थोरल्यांचा हात धरून त्यांना वायरीवरून पाय उचलायला लावत आत घेऊन आले आणि आपल्या खुर्चीवरची पाटी काढून तिथे बसवलं. ज्या आवाजाला मी वर्षभर शिव्या दिल्या, तो पुन्हा कधी येणार नाही की काय, ह्या भीतीने आणि बाकीच्या सगळ्याने मला रडू फुटलं. काकूंना तर दिसतच नव्हतं, त्या डोळे पुसत चहाच्या नावाखाली आत पळाल्या.

काका थोरल्यांच्या खुर्चीला खेटून खाली बसले होते. मग थोरल्यांनी मान खाली वाकवली आणि कान पुढे केला.

"पेटीत काय निघालं?"

"उद्या दाखवनारेत."

"बरं," थोरले म्हणाले. "मग उद्या येतो."

असं म्हणाले खरे, पण उठले काही नाहीत.